स्वच्छ पाण्यात उपाशी राहणारा फेदर डस्टर

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांचे व्हिडिओ अलीकडे मोबाइलवर इतके फिरत असतात की, प्रवाळांची टाकी कधी प्रत्यक्ष न पाहिलेल्यांनाही तिच्यातले काही रहिवासी ओळखीचे झाले आहेत. त्यांतला फेदर डस्टर हमखास दिसतो. खडकाच्या फटीतून वर आलेल्या मळकट नळीच्या तोंडाशी पिसांचा गोल पिसारा उघडलेला असतो, कुणीतरी काचेजवळ हात नेते आणि पिसारा क्षणात नळीत नाहीसा होतो. पाहणाऱ्याला ते फूल वाटते किंवा एखादी पाणवनस्पती वाटते. विकणारेही पुष्कळदा ‘याला वेगळे काही घालावे लागत नाही, पाण्यातूनच खातो’ असे सांगून मोकळे होतात. या वाक्यातला उत्तरार्ध खरा आहे; पूर्वार्ध मात्र खोटा आहे, आणि विकत आणलेले बरेचसे फेदर डस्टर काही महिन्यांत मरतात ते त्या पूर्वार्धावर विश्वास ठेवल्यामुळे.

हा प्राणी नेमका कोण?

फेदर डस्टर हा कृमी आहे. गांडूळ आणि जळू ज्या वलयी प्राण्यांच्या संघात येतात त्याच संघातला, पण आयुष्यभर एका जागी नळी बांधून राहणारा. मत्स्यालयांच्या व्यापारात सर्वांत जास्त दिसणारी जात म्हणजे सॅबेलास्टार्टे स्पेक्टॅबिलिस. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण भागांत ती आढळते आणि तिचा पिसारा ७ ते १० सेंटिमीटर रुंद होऊ शकतो. तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा हा पिसारा एवढाच आपल्याला दिसणारा भाग. बाकीचे बोटभर लांबीचे, वलयावलयांचे शरीर नळीच्या आत असते.

नळीवरून या प्राण्यांची दोन मोठी कुळे सहज वेगळी करता येतात. सॅबेलिडी कुळातले कृमी चिकट स्राव आणि रेती-गाळाचे कण एकत्र करून चामड्यासारखी लवचीक नळी बांधतात. सर्प्युलिडी कुळातले कृमी पाण्यातले कॅल्शियम वापरून चुनखडीची टणक नळी बांधतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जातींकडे आत शिरल्यावर दार लावून घेण्यासाठी एक झाकणही असते. जिवंत प्रवाळात रुतून बसणारे, रंगीत शंकूंच्या जोडीसारखे दिसणारे ‘ख्रिसमस ट्री वर्म’ हे या दुसऱ्या कुळातले. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कालवांच्या शिंपल्यांवर आणि दगडांवर ज्या पांढऱ्या, वेड्यावाकड्या, खरखरीत नळ्या चिकटलेल्या दिसतात, त्यांचे बांधकाम करणारेही बहुधा याच कुळातले असतात. म्हणजे हे प्राणी आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ओहोटीला त्यांचे पिसारे मिटलेले असतात, म्हणून आपण नळ्या पाहतो आणि राहणाऱ्याला विसरतो.

पिसारा कशासाठी असतो?

या पिसाऱ्याला आपण मुकुट म्हणू. तो शोभेसाठी नाही. मुकुट हे या कृमीचे अन्न गोळा करण्याचे साधन आहे आणि श्वसनाचे इंद्रियही तोच आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर या प्राण्याच्या संगोपनातले जवळजवळ सर्व प्रश्न तिच्यावरून सोडवता येतात.

मुकुटाच्या प्रत्येक पिसाला दोन्ही बाजूंनी बारीक उपपिसे असतात आणि त्यांवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या केसांच्या रांगा असतात; त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्माभिकांच्या सततच्या हालचालीमुळे आजूबाजूचे पाणी उपपिसांच्या मधून मुकुटाच्या आत ओढले जाते आणि वरून बाहेर पडते. पाण्याबरोबर आलेले कण उपपिसांवर अडकतात, पिसाच्या मधोमध असलेल्या खोबणीत उतरतात आणि मुकुटाच्या तळाशी असलेल्या तोंडाकडे सरकू लागतात. या वाटेवर त्यांची आकारानुसार विभागणी होते. घरात धान्य निवडताना खडे फेकून द्यावेत, कणी वेगळ्या डब्यात ठेवावी आणि दाणे दळणाला पाठवावेत, तसेच हे काम चालते: मोठे कण बाहेर टाकले जातात, मधल्या आकाराचे कण नळीच्या बांधकामासाठी साठवले जातात आणि सर्वांत बारीक कण तेवढे खाल्ले जातात. बांधकामाचे कण तोंडाखालच्या दोन पिशव्यांमध्ये चिकट स्रावात मिसळले जातात आणि त्याचा दोरीसारखा थर नळीच्या काठावर गोल फिरवून बसवला जातो.

श्वसनही येथेच होते. पाण्यातला प्राणवायू पिसांच्या पातळ त्वचेतून रक्तात जातो. या कुळांतल्या अनेक जातींच्या रक्तात आपल्यासारखे तांबडे हिमोग्लोबिन नसून क्लोरोक्रुओरिन नावाचे हिरवे द्रव्य असते. लोह त्यातही असते आणि प्राणवायू वाहून नेण्याचे काम तेही करते. नळीला वापरण्याजोगे तोंड एकच असल्यामुळे विष्ठेचा प्रश्न उरतो, आणि तो या प्राण्याने मोठ्या व्यवस्थितपणे सोडवला आहे. शरीराच्या मागच्या टोकापासून पुढपर्यंत पक्ष्माभिकांची एक खोबण जाते आणि तिच्यातून विष्ठेच्या गोळ्या नळीच्या तोंडापर्यंत वाहून आणून बाहेर सोडल्या जातात.

सावली पडताच मुकुट आत का जातो, याचेही उत्तर येथेच देऊन टाकतो. पिसांवर प्रकाश ओळखणारे डोळ्यांसारखे ठिपके असतात आणि शरीराच्या लांबीभर अतिशय जाड मज्जातंतू धावतो. तंतू जितका जाड तितका संदेश लवकर पोहोचतो. मिक्सिकोला या थंड समुद्रांतल्या भाईबंदात तो तंतू सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यामुळे मज्जासंदेशांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ प्रयोग केलेले आहेत. माशाने चावा घेण्याआधी मुकुट आत जाणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. म्हणून पाहुण्यांना गंमत दाखवण्यासाठी काचेवर टिचक्या मारणे योग्य नव्हे, कारण मिटलेल्या मुकुटाचा प्रत्येक मिनिट हा न खाल्लेला मिनिट असतो.

स्वच्छ टाकी ही अडचण कशी?

प्रवाळांची टाकी सांभाळणारा माणूस पाणी काचेसारखे नितळ ठेवण्यासाठी झटत असतो. त्यासाठी तो प्रोटीन स्किमर लावतो, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातला सेंद्रिय मळ बाहेर काढणारे उपकरण. त्याच्या जोडीला कापडी गाळण्या असतात, कार्बन असतो, ठरावीक दिवसांनी पाणी बदलणे असते. प्रवाळांच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पुष्कळशा प्रवाळांच्या पेशींत राहणारी शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात, त्यामुळे चांगले दिवे आणि नितळ पाणी त्यांना मानवते.

फेदर डस्टरकडे असा कोणी घरचा स्वयंपाकी नाही. त्याला प्रकाशाचा उपयोग शून्य. त्याचे अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे काही मायक्रॉन आकाराचे जीव आणि कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग): वनस्पतिप्लवक म्हणजेच तरंगणारी सूक्ष्म शैवाले, जीवाणू, कुजलेल्या पदार्थांचा चुरा. निसर्गात सॅबेलास्टार्टे भरपूर संख्येने कोठे आढळतो हे पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. हवाई बेटांवर तो पर्ल हार्बर आणि कानेओहे उपसागर यांसारख्या आडोशाच्या, गढूळसर, पोषक द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात माजतो. ज्या पाण्याकडे पाहून मत्स्यालयाचा शौकीन नाक मुरडेल, त्या पाण्यात हा प्राणी सुखी असतो. अशा प्राण्याला आणून स्किमर चोवीस तास चालणाऱ्या टाकीत ठेवणे म्हणजे त्याच्यासमोर रिकामे ताट ठेवणे होय.

‘पण माझा तर सहा महिने काहीही न घालता जिवंत आहे’

ही सर्वांत नेहमीची शंका आहे आणि ती प्रामाणिक आहे. नळीतले हे कृमी थंड रक्ताचे, बैठ्या सवयीचे आणि काटकसरी असतात. अन्न मिळेनासे झाले की ते आपल्याच शरीरातला साठा आणि मग ऊती वापरू लागतात, आणि हा क्रम महिनोन्‌महिने चालू शकतो. मासा उपाशी असेल तर त्याचे पोट खपाटीला गेलेले दिसते. येथे शरीर नळीत दडलेले असल्यामुळे काही दिसत नाही. नळी शरीराबरोबर आखडत नाही, म्हणून बाहेरून सगळे पूर्वीइतकेच ऐसपैस वाटते.

त्यामुळे नळीची लांबी पाहून समाधान मानू नये, मुकुट पाहावा. मुकुटाची रुंदी महिन्यागणिक कमी होत असेल, पिसे विरळ होत असतील, नळीच्या काठावर नव्या बांधकामाचा ताजा, फिकट पट्टा दिसत नसेल, तर प्राणी जगत नसून झिजत आहे. पहिल्या दिवशी एक छायाचित्र काढून ठेवावे आणि दर महिन्याला त्याच्याशी तुलना करावी, यापेक्षा सोपी आणि विश्वासार्ह तपासणी मला माहीत नाही.

मुकुट गळून पडला, आता?

एके दिवशी सकाळी पिसांचा संपूर्ण झुबका वाळूवर पडलेला दिसतो आणि नवा शौकीन हादरतो. बऱ्याच वेळा अशा वेळी नळी उपटून फेकून दिली जाते, आणि तिच्यात जिवंत कृमी असतो. पालीने शेपूट टाकावे तसा हा कृमी संकटात मुकुट टाकून देतो आणि पुन्हा उगवतो. त्यासाठी काही आठवडे लागतात. प्रवासाचा ताण, पाण्याच्या गुणधर्मांत अचानक झालेला बदल, कमी पडलेला प्राणवायू, सतत टोचणारा मासा, अशी कारणे त्यामागे असू शकतात. नळी जागेवरच ठेवावी, दुर्गंधी येत नाही ना हे पाहावे आणि वाट पाहावी.

मात्र ‘पुन्हा उगवतो’ हे ऐकून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. तोंडाकडे अन्न नेणारे साधनच गेलेले असताना नवा मुकुट उभारण्याचा खर्च साठ्यातूनच भागवावा लागतो. साठा भरलेला असेल तर नवा मुकुट जवळपास जुन्याइतका होतो. नसेल तर तो लहान येतो, लहान मुकुटात अन्न कमी येते, आणि पुढच्या खेपेला तो आणखी लहान येतो. पहिल्या गळतीत प्राणी सहसा मरत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या गळतीनंतर फारसे कोणी वाचत नाहीत, आणि मालक म्हणतो की चांगला होता, अचानक गेला.

कृमी स्वतःच नळीबाहेर येऊन वाळूवर पडला, तर प्रकरण अधिक गंभीर असते. सॅबेलिडी कुळातला कृमी परिस्थिती सुधारल्यास नवी नळी बांधू शकतो. चुनखडीच्या नळीतला कृमी बाहेर पडला की बहुधा वाचत नाही.

मग खायला काय आणि कसे द्यावे?

माशांसाठी आणलेले आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव, त्याच पाण्यात सोडले की याचेही भागेल, असा समज आहे. नुकतेच अंड्यातून बाहेर पडलेले आर्टेमियाचे पिल्लूसुद्धा साधारण ४०० ते ५०० मायक्रॉनचे असते, आणि निवडणीच्या खोबणीत ते खड्यांबरोबर बाहेर टाकले जाते. उपयोगी पडतात ती सूक्ष्म शैवाले: दोन ते चार मायक्रॉनची नॅनोक्लोरॉप्सिस, तिच्याहून मोठी आयसोक्रायसिस, आणि दहा मायक्रॉनच्या आसपासची टेट्रासेल्मिस. ही बाटलीतून मिळतात; जिवंत असतील तर फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. चिकाटी असणारे लोक घरीच खताच्या पाण्यात, दिव्याखाली, हवेच्या नळीने ढवळत नॅनोक्लोरॉप्सिस वाढवतात आणि ते काम दही लावण्याइतके बिनघोर नसले तरी अवघडही नाही.

देण्याची पद्धत मात्रेपेक्षा महत्त्वाची आहे. आठवड्यातून एकदा पाणी हिरवे करून टाकण्यापेक्षा रोज किंवा दिवसाआड थोडे थोडे द्यावे, त्या वेळी तासभर स्किमर बंद ठेवावा, पण पाणी खेळवणारे पंप चालू ठेवावेत, म्हणजे कण तरंगत राहतील. पिचकारीने थेट मुकुटावर फवारा मारू नये, कारण मुकुट मिटतो आणि सगळे वाया जाते. जोराच्या झोतासमोरही या प्राण्याला बसवू नये. मंद ते मध्यम प्रवाह असावा आणि नळीचे खालचे टोक खडकाच्या फटीत किंवा वाळूत स्थिर करावे.

येथे एक रास्त आक्षेप निघतो: इतके अन्न घातले तर नायट्रेट आणि फॉस्फेट वाढून टाकीत नको ते शैवाल माजेल. खरे आहे. नव्या, लहान टाकीत हा तोल सांभाळणे कठीण असते, म्हणूनच टाकी निदान वर्षभर मुरलेली, खडकांवर आणि वाळूत सूक्ष्म जीवांची वस्ती झालेली असल्याशिवाय मोठा फेदर डस्टर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘नवशिक्यांसाठी सोपा’ हे त्याच्यावर चिकटवलेले लेबल मला मान्य नाही.

पाण्याचे काही नियम

पिसारा हेच श्वसनेंद्रिय असल्यामुळे पाण्यातला बिघाड सर्वांत आधी त्याला जाणवतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि अमोनिया शून्य, हे प्रवाळांच्या टाकीचे नेहमीचे आकडे येथेही लागू आहेत. चुनखडीची नळी असलेल्यांसाठी कॅल्शियम दर लिटरला ४०० मिलिग्रॅमपेक्षा खाली जाऊ देऊ नये. माशांच्या रोगांवरील तांब्याची औषधे या टाकीत कधीही घालू नयेत. माशाला सोसवणारी मात्रा अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. मुंबईत किंवा नागपुरात मे महिन्यात चिलरशिवाय टाकी ३० अंशांच्या वर जाते, त्यातच वीज गेली आणि पंप थांबले की मुकुट गळण्याला आमंत्रणच मिळते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप फारसा महाग नसतो; तो आधी घ्यावा आणि प्राणी मागाहून.

सोबतीही पारखून घ्यावे लागतात. बटरफ्लाय फिश, बहुतेक मोठे एंजलफिश, ट्रिगर आणि पफर यांना हा मुकुट म्हणजे वाढून ठेवलेला घास वाटतो.

न आणलेले फेदर डस्टर कसे टिकतात?

महागडा, पाहुणा म्हणून आणलेला फेदर डस्टर मरतो आणि त्याच टाकीत काचेवर, पंपाच्या आत, खडकाच्या खालच्या बाजूला चिमुकले फेदर डस्टर न बोलावता शेकड्यांनी वाढतात, हे कोडे अनेकांना पडते. उत्तरे दोन आहेत. एक तर लहान शरीराला अन्न थोडे लागते; टाकीतल्या चुऱ्यावर आणि जीवाणूंवर त्यांचे भागते. दुसरे कारण प्रजननाचे आहे. काचेवर दोन-तीन मिलिमीटरच्या पांढऱ्या चकल्या चिकटलेल्या दिसतात ते स्पायरॉर्बिड कृमी आपली अंडी पाण्यात उधळत नाहीत, तर नळीत किंवा झाकणाखाली सांभाळतात, आणि बाहेर पडलेले डिंभ, म्हणजे पोहणारी पिल्ले, काही तासांतच चिकटून बसतात. पंप आणि स्किमर यांच्या तावडीत सापडायला त्यांना वेळच मिळत नाही. काही छोटे सॅबेलिड शरीराचे तुकडे करूनही वाढतात. मोठ्या सॅबेलास्टार्टेची अंडी आणि शुक्राणू मात्र पाण्यात मोकळे सोडले जातात, आणि टाकीत ते गाळण्यांच्या पोटात जातात.

या चिमुकल्यांना घालवण्याची गरज नसते. फक्त त्यांची आणि व्हर्मेटिड गोगलगायींची गल्लत करू नये. त्यांच्याही नळ्या टणक असतात, पण मुकुट नसतो. त्या चिकट जाळे पाण्यात सोडून अन्न पकडतात आणि ते जाळे शेजारच्या प्रवाळांना त्रासदायक होते.

हा प्राणी टाकी स्वच्छ करतो ना?

तो कण खातो, पण खाल्लेल्याचा काही भाग अमोनिया आणि विष्ठेच्या रूपाने परत पाण्यातच सोडतो. एखाद-दुसऱ्या फेदर डस्टरने टाकीचे गाळणे होईल ही अपेक्षा चुकीची आहे.

हे येतात कोठून?

व्यापारातले मोठे फेदर डस्टर मुख्यतः समुद्रातून काढलेले असतात. हवाई बेटांवर सॅबेलास्टार्टे मूळचा नसून बाहेरून आलेला मानला जातो आणि तरीही मत्स्यालयांसाठी तेथून तो मोठ्या संख्येने गोळा केला गेला. बाहेरचा प्राणी काढला तर बिघडले काय, असे वाटणे साहजिक आहे. अडचण काढण्याच्या पद्धतीत आहे: नळी भेगेत खोल रुतलेली असते आणि ती अखंड काढायची तर भोवतालचा खडक आणि मृत प्रवाळ फोडावे लागतात, ज्यांच्या आडोशाला इतर असंख्य जीव राहत असतात. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी या जातीच्या प्रजननाचा अभ्यास केला तो ती बंदिस्त जागेत वाढवता यावी या दिशेने. तरीही दुकानातला प्राणी पैदास केलेला आहे असे गृहीत धरू नये.

भारतात आणखी एक बाब आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणारे सर्व प्रवाळ समाविष्ट करण्यात आले. फेदर डस्टर त्या यादीत नाही, पण तो ज्या प्रवाळखडकाला धरून असतो तो आहे. म्हणून आपल्या किनाऱ्यावरून फोडून आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्यासह कोणी फेदर डस्टर देऊ लागला, तर तो घेऊ नये.

नको झाला तर समुद्रात सोडावा का?

नाही, आणि टाकीचे पाणीही खाडीत किंवा समुद्राला मिळणाऱ्या गटारात ओतू नये. भूमध्य समुद्राकडची सॅबेला स्पॅलान्झानी ही मोठी जात ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट फिलिप उपसागरात शिरली आणि तिने तेथील तळ व्यापला. पुढे ती न्यूझीलंडपर्यंत पोहोचली. तिचा प्रवास मुख्यतः जहाजांबरोबर झाला असे मानले जाते, पण टाक्यांतूनही असे घडू शकते याचे उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. तेथील ॲबलोन या समुद्री गोगलगायींच्या शेतांत दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या ॲबलोनबरोबर टेरेब्रासॅबेला नावाचा एक चिमुकला सॅबेलिड आला. तो ॲबलोनच्या कवचाच्या काठावर बसतो, ॲबलोन त्याच्यावर कवच चढवत राहतो आणि कवच बेढब होऊन वाढ खुंटते. केयुकोस येथे एका शेताच्या सांडपाण्याच्या तोंडाजवळ तो समुद्रातल्या इतर गोगलगायींवर पसरलेला आढळला. १९९६ मध्ये त्याला आसरा देणाऱ्या सुमारे १६ लाख गोगलगायी हाताने वेचून काढण्यात आल्या, सांडपाण्यावर जाळी बसवण्यात आली आणि तो तेथून नाहीसा झाला. नको असलेला फेदर डस्टर दुकानदाराला परत द्यावा किंवा मुरलेली टाकी असलेल्या दुसऱ्या शौकिनाला द्यावा, आणि बदललेले खारे पाणी घरातल्या संडासात ओतावे.